त्रिकोणी आणि वर्गही : चिंचोक्यांपासून वर्गप्रकृतीपर्यंत

प्रश्न : मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. नातवंडांना चिंचोके मांडून दाखवत असताना लक्षात आले की 36 चिंचोक्यांचा आठ ओळींचा त्रिकोणही होतो आणि सहा बाय सहाचा चौरसही होतो. मुलाने स्प्रेडशीटमध्ये 1 पासूनच्या सर्व संख्या एकाखाली एक भरून अशा दुहेरी संख्या शोधल्या, तेव्हा 1, 36, 1225 आणि 41616 एवढ्या चारच सापडल्या आणि त्यानंतर ओळीच संपल्या. या संख्या चारच आहेत काय? शिवाय त्यांची वर्गमुळे 1, 6, 35, 204 अशी आहेत. त्यांत कोणत्याही पदाची सहापट करून आधीचे पद वजा केले की पुढचे पद मिळते. हा 6 येतो कोठून? – एक वाचक, मिरज

उत्तर : चिरंजीवांचा शोध थोडक्यात हुकला. प्रचलित स्प्रेडशीटमध्ये 10,48,576 ओळी असतात आणि पाचवी दुहेरी संख्या आहे 14,13,721. प्रत्येक ओळीत संख्येऐवजी त्रिकोणाच्या ओळींची गणती ठेवून पुढच्या रकान्यात बेरीज मांडली असती, तर ती 1681 व्या ओळीतच सापडली असती. अशा संख्या अनंत आहेत, आणि आपल्या 6 चे मूळही त्या अनंत असण्याच्या कारणातच आहे.

n ओळींच्या त्रिकोणात n(n + 1)/2 चिंचोके असतात. ही संख्या m चा वर्ग असावी अशी अट घालून दोन्ही बाजूंना 8 ने गुणले आणि 1 मिळवला, की डावीकडे (2n + 1) चा पूर्ण वर्ग तयार होतो. 2n + 1 ला x आणि m ला y म्हटले की उरते ते x² = 8y² + 1. म्हणजे ज्या वर्गाची आठपट करून 1 मिळवल्यावर पुन्हा वर्गच मिळतो, असा वर्ग शोधायचा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त नेमका हाच प्रकार हाताळला. आपल्या परंपरेत त्याला वर्गप्रकृती म्हणतात. त्यात 8 ही प्रकृती, y हे कनिष्ठ मूळ आणि x हे ज्येष्ठ मूळ. युरोपात ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव चिकटले आणि ते आजही आपल्या पाठ्यपुस्तकांतून निमूटपणे चालवले जाते, हे मला तरी खटकते.

सर्वांत लहान उत्तर नजरेनेच दिसते : x = 3, y = 1. ब्रह्मगुप्ताची खरी करामत यापुढची आहे. हाती असलेल्या दोन उत्तरांच्या तिरप्या गुणाकारातून तिसरे उत्तर तयार करण्याची जी कृती त्याने दिली, ती भावना या नावाने ओळखली जाते. कोणत्याही (x, y) या जोडीची (3, 1) शी भावना केली, की नवे ज्येष्ठ मूळ 3x + 8y आणि नवे कनिष्ठ मूळ x + 3y येते. (3, 1) पासून (17, 6), तिच्यापासून (99, 35), मग (577, 204) आणि (3363, 1189). यांतील 1189 चा वर्ग म्हणजेच चिरंजीवांच्या हातून निसटलेली 14,13,721 ही संख्या होय. ही साखळी कोठेही तुटण्याचे कारण नाही.

आता 6 कडे वळू. भावना उलटही चालवता येते; तिला अंतरभावना म्हणतात. तीत (x, y) च्या मागचे कनिष्ठ मूळ 3y − x येते, तर पुढचे x + 3y असते हे आपण पाहिलेच. दोहोंची बेरीज करा : x उडून जातो आणि 6y उरते. म्हणजे मागचे आणि पुढचे पद मिळून मधल्याची सहापट होते, आणि हा 6 म्हणजे पहिल्या उत्तरातील 3 ची दुप्पट. खुद्द दुहेरी संख्यांनाही असाच नियम आहे : 34 पट करा, आधीची संख्या वजा करा आणि 2 मिळवा. 34 × 36 − 1 + 2 = 1225.

या साखळीबाहेर एखादे चुकार उत्तर दडलेले नसेल कशावरून, हा प्रश्न वर्गात हुशार मूल विचारतेच. त्याचे उत्तरही अंतरभावनेतच आहे. y किमान 1 असेल, तर x हा 2y पेक्षा मोठा असतो आणि 3y च्या पुढे जात नाही. म्हणून 3y − x ही ऋण नसलेली, पण y पेक्षा लहान पूर्णांक संख्या असते. कोणतेही उत्तर घेऊन असे मागे मागे येत गेले, की कनिष्ठ मूळ शून्यावर येऊन थांबावेच लागते, म्हणजे ती जोडी (1, 0) असते. आणि तिच्यापासून उलट निघाले तर आपली साखळीच मिळते.

या जोड्यांचे एक जुने नाते सांगण्याचा मोह आवरत नाही. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, 2 च्या वर्गमुळासाठी 1 + 1/3 + 1/(3 × 4) − 1/(3 × 4 × 34) ही किंमत दिली आहे. तिची पहिली तीन पदे मिळून 17/12 आणि चारही मिळून 577/408 होतात, म्हणजे आपल्या (17, 6) व (577, 204) या जोड्यांतील भागाकारांची निम्मी. यावरून शुल्बकारांना हे समीकरण ठाऊक होते असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल.

प्रकृती 8 असल्यामुळे आपले काम सोपे झाले. 61 घेतली तर पहिलेच उत्तर y = 22,61,53,980 आणि x = 1,76,63,19,049 असे येते. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने, म्हणजे एकच कृती चक्राकार पुन्हा पुन्हा करत, ते काढले, आणि 1657 मध्ये फर्माने हीच 61 युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवली.

चिरंजीवांना 34 चा नियम वापरून नवा तक्ता करायला जरूर सांगावे. फक्त अकराव्या पदापाशी सावध राहावे. ते 2172602007770041 असे सोळा अंकी आहे, स्प्रेडशीट सामान्यतः पंधराच सार्थ अंक दाखवते, आणि शेवटच्या 1 च्या जागी तिथे 0 दिसेल.