लीडरला विचारलं तरी शिळंच?

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न रास्त आहे. "मी फॉलोअरकडून वाचतच नाही, थेट लीडरला विचारतो, मग जुनी किंमत आली कुठून?" मीही बरीच वर्षं याच भरवशावर होतो.

पाच नोड धर, म्हणजे एकच डेटा ठेवणारी पाच मशीनं: एक लीडर, ज्याच्यातून सगळं लिखाण जातं, आणि चार फॉलोअर, जे त्याची प्रत ठेवतात. मधलं नेटवर्क तुटलं. लीडर आणि एक फॉलोअर अलीकडे, बाकी तिघं पलीकडे. तिघांचं बहुमत झालं, त्यांनी नवा लीडर निवडला आणि ते कामाला लागले. जुन्याला हे सांगणार कोण? अविश्वास ठराव मंजूर झालाय आणि सरपंच अजून दाखल्यांवर सह्या करतोय, अशी गत. नवी नोंद त्याला पक्की करता येत नाही, कारण तीन मतं जमत नाहीत. वाचन मात्र तो स्वतःच्या मेमरीतून देऊन मोकळा होतो. शिळ्या भाताला निदान वास येतो. इथे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

लीडर निवडून नोडांचं एकमत घडवणाऱ्या राफ्ट या पद्धतीच्या २०१४ च्या पेपरातच यावर उपाय आहे: वाचनाचं उत्तर देण्याआधी लीडरने बहुमताकडून हार्टबीटची, म्हणजे 'मीच अजून लीडर' या नियमित संदेशाची, पोच घ्यावी. तरी त्याच वर्षी डेटाबेस मुद्दाम अडचणीत टाकून बघणाऱ्या काइल किंग्सबरी यांच्या जेप्सन चाचण्यांत एटसीडी आणि कॉन्सुल या राफ्टवर चालणाऱ्या दोन्ही साठ्यांनी पार्टिशनमध्ये, म्हणजे नेटवर्क तुटल्यावर, शिळी उत्तरं दिली. नेटवर्कची एक फेरी वाचवायचा मोह कुणाला सुटत नाही! आज एटसीडी मुळातच पोच घेऊन वाचतं. 'सीरियलायझेबल' मागितलंस, तरच जवळच्या नोडची प्रत मिळते. दुसरा मार्ग लीजचा, ठरावीक मुदतीपुरतं लीडरपद. तो वेगवान आहे, पण सगळा भार घड्याळांवर. व्हर्च्युअल मशीन मध्येच थिजून पुन्हा जागं झालं की घड्याळावरचा माझा विश्वास उडतो, म्हणून मी तो टाळतो.

आता तुझ्या कोडकडे. प्रत्येक वाचन ताजं हवंच, असा हट्ट धरू नकोस. ॲमेझॉनच्या डायनामोडीबी डेटाबेसात ४ केबीपर्यंतच्या ताज्या वाचनाला वाचन-क्षमतेचं एक युनिट लागतं, साध्याला अर्धं. प्रोफाइलचा फोटो क्षणभर जुना दिसला तर कुणाचं काय बिघडतं? पण तू शिल्लक जागा वाचतोस, शून्याहून जास्त दिसल्या की बुकिंग लिहितोस. तिथे वाचन कितीही ताजं घेतलंस तरी लिहीपर्यंत ते शिळं होऊ शकतं. वाचताना नोंदीचा आवृत्ती-क्रमांक ४१ होता, तर ती अट लिखाणातच घाल: "आवृत्ती अजून ४१ असेल तरच लिही." ते लिखाण बहुमतातून जातं, त्यामुळे शिळ्या माहितीवरचा निर्णय तिथेच नाकारला जातो. आमच्याकडे ही अट नव्हती. कामं वाटून देणाऱ्या दोन प्रोग्रॅमनी, शेड्युलरनी, एकच काम उचललं आणि ग्राहकांना बिलं दोनदा गेली. फोन घ्यायला मी होतो.

आणि चाचणीत नोड नुसता मारून बघू नकोस, मेलेला नोड खोटं बोलत नाही. लीडरच्या प्रोसेसला सिगस्टॉप हा थिजवणारा सिग्नल दे, नवा लीडर येऊ दे, एखादी नोंद बदल, मग सिगकाँट या सिग्नलने पुन्हा जागं करून लगेच जुन्यालाच वाचायला लाव.

तुझा रिट्रायचा लूपही मला खटकतोय. टाइमआउट आला म्हणजे लिहिलं गेलंच नाही, असं तू धरलंयस. लिहिलं गेलंही असेल, नुसती पोच वाटेत हरवली असेल. तेवढं दुरुस्त कर आणि मग कोड पाठव.

तुझा,
एक जुना सहकारी