कोणाशी खेळायचं, कोणाशी नाही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गावच्या क्लबच्या सेक्रेटरीने तुझ्या हायस्कूलच्या पोरांना लाइटखालच्या ओपन, म्हणजे वयाची अट नसलेल्या, फुटबॉल टुर्नामेंटला बोलावलंय, हेडमास्तर तुला, पीई (शारीरिक शिक्षण) टीचरला, 'तुम्हीच काय ते बघा' म्हणून मोकळे झालेत, आणि पोरं जर्सीचा रंगसुद्धा ठरवून बसलीत. होय म्हणू की नको, एवढंच तू विचारलंस.

नको म्हण. पण कारण न सांगता नको म्हटलंस, तर पोरं रुसतील आणि वाड्याच्या टीमकडून दुसऱ्याच्याच नावावर जाऊन खेळतील. गोव्यात, आपल्या सत्तरी तालुक्यात हे नवीन नाही. म्हणून जरा लांबवतो.

ओपनमध्ये समोर कोण उभा राहणार, हे शिट्टी वाजेपर्यंत कळत नाही. बाहेरून आणलेले प्लेयर असतात, दोन-तीन क्लबांचं पाणी प्यायलेले असतात. तुझा विंगर नववीतला. त्याला अडवायला येणारा स्टॉपर पंचविशीचा, लग्नाला आलेला गडी. बॉल दोघांच्या मधोमध पडला की पोरगा मागेपुढे न बघता पाय घालतो, कारण आपल्याला काही होईल हे त्या वयात खरंच वाटत नाही. स्टॉपरही पाय मागे घेत नाही, कारण बाजूला त्याचा अख्खा वाडा उभा आहे आणि बक्षीस रोख आहे. यात कोणीच वाईट नाही. गुडघा मात्र पोराचाच जातो.

म्हणून तर शाळांच्या स्पर्धांत चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे असे वयोगट पाडलेत. तेही ढोबळच आहेत. मुलांची उंची सरासरीने तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. पण ही सरासरी झाली. प्रार्थनेला रांग लावशील तेव्हा नीट बघ. एकाच वर्गातल्या दोघांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून दप्तराचे पट्टे अजून घसरत असतात. जन्मतारखा महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाच्या, हाडं मात्र दोन-तीन वर्षं पुढेमागे. ज्युडो, बॉक्सिंगमध्ये वजन बघूनच जोड्या लावतात. कबड्डीतही लहान गटांना वजनाची अट असते. आपल्या शालेय फुटबॉलमध्ये मुख्यतः जन्मतारीख बघतात, त्यामुळे सगळी लबाडीही तारखेतच होते. क्रिकेट बोर्ड सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतं, ते उगाच नाही.

तुझ्याकडे एक्स-रे नाही, पण एलिजिबिलिटी फॉर्म आहे, म्हणजे पोरगा त्या वयोगटात बसतो असं शाळेने लिहून द्यायचा कागद. तो भरायचं काम कारकुनावर टाकू नकोस. शाळेचं जनरल रजिस्टर स्वतः उघड, तारीख स्वतः ताडून बघ, फोटोवर अर्धा शिक्का येईल असा हेडमास्तरांकडून मारून घे. समोरची टीम प्रोटेस्ट घालते तेव्हा मैदानात घाम पुसत उभं राहून रजिस्टर आठवत नाही. आणि क्रीडा संचालनालयाचं शालेय स्पर्धांचं परिपत्रक पावसाळ्याच्या आधी एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अर्धे शिक्षक फक्त तारखांचं पान बघतात आणि मग हरल्यावर नियमाला शिव्या घालतात.

'कोणाशी खेळायचं' हा नियम फक्त पोरांनाच लागू आहे असं समजू नकोस. १५ ऑगस्ट २०२२ ला फिफाने आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला, हे कारण. त्या दिवसांत गोकुळम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. टीम तयार, किट तयार, पण कुंपणाबाहेर गेलेल्या महासंघाच्या टीमशी कोणी खेळायचंच नाही हा नियम. न खेळताच परतल्या. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. म्हणून ऑक्टोबरमधला सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात राहिला आणि त्यातल्या मॅचेस आपल्या फातोर्ड्याला झाल्या. त्या केरळच्या मुलींची त्यात काय चूक होती? काहीच नाही. नियम वरचे मोडतात, मॅच खालच्यांची जाते. तुझ्या पोरांपैकी कोणी एखाद्या क्लबकडे रजिस्टर असेल, तर त्याला कुठेही उतरवण्याआधी त्या क्लबला विचार, आणि लेखी विचार. फोनवरचं 'चलता रे' कमिटीपुढे चालत नाही.

शाळेच्या स्पोर्ट्स मार्कांचंही, म्हणजे खेळासाठी परीक्षेत मिळणाऱ्या जादा मार्कांचंही, तसंच. ओपनच्या कपावर ते मिळत नाहीत. हे पोरांना सांगण्याआधी पालकांना सांग, त्यांना लवकर पटतं.

एवढं झालं नियमाच्या बाजूने. आता जिथे माझं नियमाशी जमत नाही ते सांगतो.

आपल्याकडे शाळेला प्रतिस्पर्धी मिळतो तो तालुक्यावरून. तुझ्या शाळेत आठवी ते दहावी मिळून मुलगे किती, ते तुला माहीत आहे. अकरा जमवताना बाराव्याला कुठे बघायचं हा प्रश्न. आणि तालुक्यात एखादी तरी शाळा अशी असतेच, जिचे नुसते राखीव खेळाडू तुझ्या टीमएवढे. त्यात नॉकआउट. जूनपासून चिखलात सराव करायचा, शाळेच्या बालरथ बसमधून मैदान गाठायचं, पहिल्याच राउंडला चिठ्ठीत ती मोठी शाळा निघायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी. वर्षाचं फुटबॉल संपलं! शालेय खेळांमधली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली म्हणून कोणी विचारलं, तर मी नॉकआउटचं नाव घेईन, वय चोरण्याचं त्याच्यानंतर.

अमेरिकेत टेक्सास राज्यात हायस्कूलचे गट पटसंख्येवरून पाडतात. एक-ए पासून सहा-ए पर्यंत सहा गट, आणि दर दोन वर्षांनी पट मोजून पुन्हा मांडणी. सगळ्यात लहान शाळांसाठी त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा सहा-सहा जणांचा वेगळाच खेळ आहे. पोरं अकरा होत नाहीत म्हणून शाळा घरी बसत नाही. तिथल्या शाळांनी कोणाशी खेळावं याचेही नियम आहेतच. पण लहानाला लहान गाठ पडावी याची काळजी त्याच नियमांत घेतलेली आहे. आपण तालुका धरून बसलोय, कारण बस आणि भाडं तालुक्यापुरतं परवडतं. हेही कारण खरं आहे, मी हसत नाही त्याला. पण शारीरिक शिक्षकांच्या बैठकीला जाशील तेव्हा निदान पहिल्या फेरीपुरती लीग ठेवा, म्हणजे एक मॅच हरली तरी टीम घरी जाणार नाही, असं उभं राहून म्हण. नवीन माणसाचं बोलणं मनावर घेत नाहीत, तरी मिनिट्समध्ये जातं.

तोवर स्वतःचे प्रतिस्पर्धी स्वतः शोध. तुझ्याच पटाची शाळा डिचोलीत असेल, धारबांदोड्यात असेल. तिथल्या पीई टीचरला फोन लाव आणि फ्रेंडली ठरव. तालुका स्पर्धेच्या नियमाने तुझे हात बांधलेत ते स्पर्धेपुरते. फ्रेंडलीला हेडमास्तरांचं पत्र, पालकांची सही आणि दोन्ही शाळांची वयं लिहिलेली यादी, एवढं पुरतं. आदल्या वर्षी पास झालेला पोरगा 'एक हाफच, सर' म्हणत बूट घेऊन येईल. त्याला लाइन्समनचा झेंडा दे. बदली कितीही वेळा चालेल असं ठरवा, म्हणजे बाराव्यालाही पाय भिजवायला मिळतो.

आपल्यापेक्षा थोड्या सरस टीमशी खेळ. तीन गोल खाऊन आलेली पोरं बसमध्ये भांडतात, कोणी कुठे उभं राहायला हवं होतं यावरून, आणि त्या भांडणात तुझा अर्धा सराव होतो. अकरा गोल खाल्लेली पोरं गप्प बसतात.

मुलींच्या टीमचं तू लिहिलं नाहीस, पण ते जास्त अवघड आहे, कारण तालुक्यात खेळायला टीमच कमी. स्पर्धेत मुलग्यांशी खेळता येणार नाही. सरावात मात्र सहावी-सातवीच्या मुलग्यांबरोबर सात-सात जणांची मॅच लाव, शिट्टी तुझ्या तोंडात ठेव. मुलगे पहिले दोन दिवस हसतील.

आता सेक्रेटरीचं. त्याला तोडू नकोस. मैदानावर रोलर त्याचाच फिरतो आणि उद्या नेट मागायला त्याच्याच दारात जावं लागणार. त्याला सांग, टुर्नामेंट नको, पण फायनलच्या दिवशी मेन मॅचच्या आधी सतरा वर्षांखालच्या दोन शाळांची पंचवीस-पंचवीस मिनिटांची मॅच लावू द्या. उजेडात, बक्षीस नाही, दोन्हीकडे शाळेचीच पोरं. लोक आधीच आलेले असतात, त्याचंही मैदान भरलेलं दिसतं. तो कबूल होईल असं मला वाटतं. रोख दिलंच, तर पोराच्या हातात नको, शाळेच्या नावाने चेक घे आणि त्याचे दोन बॉल आण.

तारीख चतुर्थीच्या सुट्टीत धरू नको, अर्धी टीम आजोळी असते. दुसरी शाळा मिळाली नाही तर कळव, फोंड्याला माझे दोघेतिघे जुने विद्यार्थी पीईला आहेत.

तुझा,
सर