दह्याचा बर्फ होतो, त्याचं काय करायचं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी दही आणि फळांचे गार पदार्थ करणाऱ्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांचं दुखणं एकच असल्याने पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : घरची केळी एकदम पिकतात, म्हणून दही, केळी आणि साखर मिक्सरमधून काढून कुल्फीच्या साच्यात लावते. पण दगडासारखा बर्फ होतो. मुलं चोखून चोखून गोडवा ओढून घेतात आणि काडीला पांढरा बर्फ उरतो. माझं काय चुकतं? (यावल)

चुकतंय ते पाणी. साध्या दह्यात शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग पाणीच असतं. ते सावकाश गोठलं की मोठे स्फटिक होतात, आणि साखर मधल्या न गोठलेल्या पाकात अडकून राहते. मुलं तो पाक ओढून घेतात.

आधी दही टांगा, पण ओट्यावर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की ओट्यावरचं दही दोन तासांत आंबट होतं. पातेल्यावर चाळणी, चाळणीत ओलं करून पिळलेलं मलमलचं फडकं, त्यात दही, वर झाकण, आणि सगळं फ्रीजमध्ये. श्रीखंडासाठी रात्रभर ठेवतो तसं इथे ठेवू नका, तीन ते चार तास पुरे. फार कोरडा चक्का गोठल्यावर पिठूळ लागतो. म्हशीच्या सायीच्या 1 किलो दह्याचा 450 ते 500 ग्रॅम मऊ चक्का निघतो. निवळी फेकू नका, कणकेत घाला.

आता प्रमाण. चक्का 250 ग्रॅम, सोललेली पिकी केळी 200 ग्रॅम (मध्यम आकाराची दोन), पिठीसाखर 3 मोठे चमचे, दूध पावडर 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 1 चहाचा चमचा, चिमूटभर मीठ. केळ्याच्या सालीवर काळे ठिपके यायला हवेत. पिवळंधमक केळं गोठलं की तुरट लागतं. लिंबू रंगासाठी आहे, नाहीतर केळं तपकिरी पडतं. दूध पावडर थोडं पाणी धरून ठेवते. साखरेमुळे गोठणबिंदू खाली जातो आणि सगळं पाणी एकदम गोठत नाही, म्हणूनच साखर अगदी काढून टाकलीत तर पुन्हा दगड होणार. उलट दुप्पट घातलीत तर काडी उभीच राहणार नाही. मिश्रण चाखताना जिभेला थोडं जास्त गोड लागलं तर बरोबर आहे, कारण गार झाल्यावर गोडी कमी जाणवते.

केळी मिक्सरमधून काढा, पण चक्का मात्र हाताने फेटा. चक्का मिक्सरमध्ये फिरवला की पातळ होतो. मिश्रण लगेच साच्यात भरू नका. पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पाऊण तासाने कडेला घट्ट थर धरलेला दिसेल. तो खरवडून मध्ये आणा आणि जोरात फेटा. नंतर अर्ध्या अर्ध्या तासाने आणखी दोनदा असंच करा. यात बनू पाहणारे स्फटिक मोडतात. मिश्रण घट्ट श्रीखंडासारखं झालं की साच्यात भरा, काड्या खोचा. साधारण 60 मिलीचे सात-आठ साचे होतात. पाच-सहा तासांनी तयार. साचा सोडवायला दहा सेकंद पाण्यात धरतात. या दिवसांत टाकीचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं तापलेलं असतं, तेव्हा माठातलं घ्या.

आणि केळी फारच उरली असतील तर दह्याची गरजच नाही. सोलून एक सेंटिमीटरच्या चकत्या करा, ताटात एकमेकींना न चिकटवता गोठवा, मग डब्यात भरा. खायच्या वेळी पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि थांबत थांबत मिक्सरमधून काढा. आधी भुगा होतो आणि इथेच बरेच जण घाबरून दूध ओततात. ओतू नका. कडा खाली ढकलून पुन्हा फिरवा, मऊसूत गोळा होतो. सालीसकट केळी मात्र कधी गोठवू नका. साल काळी पडून अशी चिकटते की सुरीने तासावी लागते.

प्रश्न : आमचा फ्रीज एका दाराचा आहे, वरचा कप्पा लहान. त्यात लाइट जाते. अर्धवट वितळलेलं पुन्हा लावलं तर चालतं का? (धुळे)

हाताला गार लागत असेल आणि बर्फाचे कण अजून दिसत असतील तर चालतं, पण पुन्हा फेटून लावा, नाहीतर कचकचीत होतं. पूर्ण वितळलं पण गारच असेल तर लस्सी म्हणून त्याच वेळी पिऊन टाका. या उन्हात तासाभराहून जास्त वेळ कोमट राहिलेलं मुलांना देऊ नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. लाइट गेली की दार उघडायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. कप्प्यात मोकळी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, म्हणजे गारवा टिकतो.

लहान कप्प्यात उंच साचे लावू नका. पसरट स्टीलचं ताट थेट तळाला टेकवून ठेवा, ताटलीतलं मिश्रण साच्यातल्यापेक्षा खूप लवकर गोठतं. ताटात बटर पेपर घाला, गोड केलेला चक्का अर्धा सेंटिमीटर जाड पसरा, वर आंब्याच्या किंवा चिकूच्या बारीक फोडी आणि शेंगदाण्याचं भरड कूट दाबून बसवा. तीन-चार तासांनी हाताने तुकडे मोडा. ताट झाकाच. उघडं राहिलं तर वर हिम धरतं आणि शेजारच्या ठेच्याचा वास दह्यात उतरतो.

लाइटचा भरवसाच नसेल तर पॉट आइस्क्रीमची पद्धत घ्या. फोडलेला बर्फ 1 किलो, जाडं मीठ 300 ग्रॅम, बादलीत आलटून पालटून थर. मधोमध घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात गार केलेलं अर्धा किलो मिश्रण. डबा सारखा फिरवत राहा, दर पाच-सात मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडा खरवडा. वीस-पंचवीस मिनिटांत चमच्याने खाण्याइतकं घट्ट होतं. मिठाने बर्फ वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढतो, म्हणून तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. त्या बर्फाला मुलांना हात लावू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते. लादीचा बर्फ खाण्याचा नसतो. त्याचं पाणी डब्यात गेलं तर सगळं मिश्रण टाकून द्या.

प्रश्न : शेतातल्या पपईचं दही गोठवलं. करताना गोड होतं, दुसऱ्या दिवशी कडू. दही खराब होतं का? (शहादा)

दही ठीक होतं, कडवटपणा पपईचा आहे. पपईतलं पपेन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. कच्चट पपईत आणि सालीलगत ते जास्त असतं. फ्रीजरमध्ये त्याचं काम मंदावतं, पण थांबत नाही. म्हणून पूर्ण पिकलेली पपई घ्या, साल जाड काढा, गर मिक्सरमधून काढून पाच मिनिटं चांगला उकळू द्या, पूर्ण गार करा आणि मगच चक्क्यात मिसळा. ताज्या अननसाचंही असंच, तो आधी शिजवूनच घ्या. आंबा, चिकू, केळं यांना ही कटकट नाही.

प्रश्न : नातवंडं सुट्टीला येणार आहेत. एक दहा महिन्यांचं, एक चार वर्षांचं. साखरेऐवजी मध घालू का? द्राक्षं घातली तर? (भुसावळ)

आजी, दहा महिन्यांच्या बाळाला मध अजिबात नको. वर्षाच्या आत मधातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो, आणि ते गोठवून मरत नाहीत. त्याच्यासाठी नुसता चक्का आणि कुस्करलेलं केळं पुरे, साखरही नको. काडीवर न देता वाटीत मऊ होऊ द्या आणि चमच्याने भरवा.

चार वर्षांच्या मुलाला द्राक्षं चालतील, पण उभी चिरून चार तुकडे करून. अख्खं गोठलेलं द्राक्ष घशात अडकण्यासारखं दुसरं काही नाही. बदाम, शेंगदाणेही अख्खे नकोत, कूट घाला. आणि बसूनच खाऊ द्या.

प्रश्न : टरबुजाचं दही जमत नाही, पाणी सुटतं. (अमळनेर)

जमणारच नाही, टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आहे. दह्यात मिसळू नका. रस गाळून त्यात लिंबू, साखर, चिमूटभर काळं मीठ घाला, अर्धा साचा भरून तासभर गोठवा, मग वर गोड चक्क्याचा थर द्या. वरचा थर घालताना खालचा इतकाच घट्ट हवा की बोटाने दाबला तर किंचित दबेल. पूर्ण गोठला असेल तर दोन्ही थर सुटे निघतात.

प्रश्न : शाळेच्या डब्यात देता येईल का? (चोपडा)

नाही. पंधरा मिनिटांत पाणी होतं.