अटलांटाहून मॉन्टगोमेरीला फक्त स्मारकं बघायला जावं का?

तुम्ही विचारलंय की भारतातून आलेल्या आईवडिलांना अटलांटाहून अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला न्यावं, की तिथे "नुसत्या पाट्या आणि पुतळे" आहेत. ते "नुसत्या पाट्या" वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. हेच शब्द मी माझ्या चुलतभावाकडून ऐकलेत.

बाबा वाईला शाळेत इतिहास शिकवायचे. ते आमच्याकडे आले तेव्हा या चुलतभावाने, म्हणजे दादाने, फ्लोरिडातल्या डेस्टिनच्या समुद्रावर जायचा बेत ठरवला होता. मॉन्टगोमेरी वाटेतच आहे, एक दिवस थांबू, असं मी म्हटलं. दादा म्हणाला, "त्यांची जुनी दुखणी, आपल्याला काय त्याचं?" खूप वाजलं. शेवटी बाबांना घेऊन मी एकटीच आदल्या दिवशी निघाले.

कॉमर्स स्ट्रीटपासून चालायला लागलो. गुलाम म्हणून आणलेली माणसं नदीवरून, रेल्वेवरून याच रस्त्याने बाजारात नेत. ते सांगणारे फलक तिथे लागले २०१३ साली. रस्ता कारंज्याच्या चौकात संपतो. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स याच चौकात बसमध्ये चढल्या आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. त्यांना अटक झाली तिथल्या फलकाच्या एका बाजूला त्यांची हकिगत आहे आणि दुसऱ्या बाजूला गायक हँक विल्यम्सची. मी एक बाजू वाचून पुढे गेले, तर बाबांनी हाक मारून परत बोलावलं. दुसरी बाजू वाचून झाल्याशिवाय हलले नाहीत. वर्गातही ते असेच होते.

चौकातून डेक्स्टर ॲव्हेन्यू सरळ कॅपिटॉलपर्यंत, म्हणजे राज्याच्या विधान भवनापर्यंत, चढत जातो. १८ फेब्रुवारी १८६१ ला गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या, अध्यक्षपदाची जेफरसन डेव्हिसने जिथे शपथ घेतली तिथे पायरीवर पितळी तारा आहे. त्याच पायऱ्यांसमोर २५ मार्च १९६५ ला सेल्मा गावाहून निघालेला कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीचा मोर्चा पोचला. मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च तिथून हाकेच्या अंतरावर. कॅपिटॉलच्या हिरवळीवर कॉन्फेडरसीच्या सैनिकांचा उंच स्तंभ आहे, तोही बघा. त्याचं लोकार्पण १८९८ चं, म्हणजे यादवी युद्ध संपून तेहतीस वर्षं झाल्यावर, आणि लगेच अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. तो स्तंभ शोकाचा आहे असं मला कुणी सांगू नये.

पण बाबा जिथे थांबले ती जागा वेगळी. २०१८ साली उघडलेलं झुंडबळींचं स्मारक. एकेका काउंटीचा (जिल्ह्याचा) एक, असे आठशेहून जास्त गंजक्या रंगाचे पोलादी स्तंभ आणि त्यांवर १८७७ ते १९५० मधली चार हजार चारशेहून जास्त माणसं. सुरुवातीला स्तंभ डोळ्यांसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकू लागतात. काही ठिकाणी नावाच्या जागी नुसतं "अज्ञात" कोरलंय. तिथल्या एका पट्टीवर एलिझाबेथ लॉरेन्स यांच्याबद्दल एकच वाक्य आहे: दगड मारणाऱ्या गोऱ्या मुलांना रागावल्या म्हणून १९३३ साली बर्मिंगहॅममध्ये त्यांना मारलं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मुलांना रागावल्या म्हणून?" आयुष्यभर मुलांना रागवत आलेला माणूस तो. बाकावर बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "जोतिरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती इथल्या गुलामांसाठी झटलेल्या लोकांना. १८७३ साली. दरवर्षी मुलांना अभिमानाने सांगायचो. आणि ही नावं १८७७ पासूनची." पुढे काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत वहीत काहीतरी लिहीत होते.

आता "आपल्याला काय त्याचं" याबद्दल. आपल्या लोकांना इथे येण्याची दारं ज्या कायद्याने खऱ्या अर्थाने उघडली, तो १९६५ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये तो मोर्चा, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. माणसाला वंशावरून वगळू नये म्हणून त्या चळवळीतल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच वाऱ्यात आपला व्हिसा झाला. दादाचं ग्रीन कार्ड त्याच कायद्याखालचं आहे, माझंही.

तेव्हा न्या. दीडेकशे मैल, अडीच तास. तिथलं घड्याळ एक तास मागे असतं. सोमवार-मंगळवार टाळा, झुंडबळींचं स्मारक आणि त्याच संस्थेचं संग्रहालय बंद असण्याची शक्यता असते. जुलै-ऑगस्टमध्ये म्हाताऱ्यांना दुपारच्या उन्हात चालवू नका, आणि गुडघे दुखत असतील तर डेक्स्टरचा चढ गाडीनेच करा. लहान मुलांना स्मारकात नेण्याआधी विचार करा. माझ्या मते दहाच्या आतल्यांना नको. आणि सगळेच आईवडील माझ्या बाबांसारखे प्रत्येक पाटी वाचणारे नसतात, हे मलाही कळतं. तुमच्यांना तसलं आवडत नसेल तर चर्च आणि कॅपिटॉल एवढंच दाखवा.

दादा, तू हे वाचशीलच. पुढच्या वेळी डेस्टिनला जाताना थांबू. गाडी मी चालवीन.