मैत्रिणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, ती आठ दिवसांत ऑफिसला येते म्हणतेय. मी तिच्याशी काय बोलू?

आधी मला सांग, आठ दिवसांत येते असं ती म्हणतेय की तिच्या घरचे? कारण माझ्या वेळी मी काहीच म्हणत नव्हते, सगळं माझे मोठे दीर, आमचे दादा, म्हणत होते.

मी इंदूरची, नारायण बागेत सासर. १० डिसेंबर २०१७, रविवार. सदतिसावा आठवडा चालू होता. शुक्रवारपासून बाळ हलत नव्हतं आणि घरात सगळ्या म्हणत होत्या की थंडी आहे, शेवटच्या दिवसांत बाळ शांतच होतं. हे साफ खोटं आहे, बाळाचं हलणं कमी झालं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. माझं बीपी वाढलेलं होतं, वारेतून (प्लॅसेंटातून) रक्तपुरवठा कमी पडला असावा असं नंतर डॉक्टर म्हणाल्या, पण वार तपासायला पाठवायची हे तेव्हा कोणी सुचवलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं.

चौदा तास कळा दिल्या मी. लोक अजून विचारतात सीझर का नाही केलं. अगं, बाळ गेल्यावर आईचं पोट विनाकारण फाडत नाहीत, औषधाने कळा आणतात, आणि त्या कळा तशाच असतात ज्या तुमच्या जिवंत बाळासाठी असतात. मुलगी होती, २ किलो ३००, डोक्यावर भरपूर जावळ, नखं वाढलेली. नर्सने मिनिटभर दाखवली. मांडीवर द्या म्हटलं तर दादा बाहेरूनच म्हणाले, नको, मोह वाढेल. ह्यांनी आणि दादांनी तिला मुक्तिधामला नेऊन पुरलं आणि इकडे एक आया, तिला बिचारीला काही कल्पना नव्हती, बधाईचे पैसे मागायला खोलीत आली.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. ह्याबद्दल मला कोणीच बजावलं नव्हतं. दूध थांबवायची गोळी असते पण बीपी असेल तर ती देत नाहीत, म्हणून थंड पट्ट्या आणि ब्लाऊजमध्ये घड्या घातलेले रुमाल, दहा-बारा दिवस. म्हणून म्हणते तुझी मैत्रीण आठव्या दिवशी खुर्चीवर बसेल तेव्हा तिचं दूध गळत असेल, रक्तस्राव चालू असेल, टाके असतील. सांत्वनाची वाक्यं पाठ करू नकोस. वॉशरूममध्ये हळूच विचार, दुखतंय का, कपडा हवाय का. आणि दुसरं होईल असं मेलीस तरी म्हणू नकोस.

आता पैशाचं, कारण ते कोणीच बोलत नाही. दवाखान्याचं बिल ५८ हजार. मेडिक्लेममध्ये डिलिव्हरी नव्हती. डोहाळजेवण नुकतंच दणक्यात झालेलं. माझ्या पाटल्या गोल्ड लोनमध्ये गेल्या. मी सांवेर रोडवर एका कारखान्याच्या ऑफिसात बिलिंगला होते, पगार २४ हजार. एचआरने फॉर्म पाठवला, त्यात रजेचं कारण 'मिसकॅरेज', सहा आठवडे. मी म्हटलं हे मिसकॅरेज नाही, मी बाळंत झालेय. दादा म्हणाले, बाळ नाही तर बाळंतपणाची रजा कसली, सही कर, कंपनीशी वैर नको. केली सही. २२ जानेवारीला, सोमवारी, कामावर हजर. संक्रांत होऊन गेली होती, आळीत हळदीकुंकू चालू होती आणि मला एकाही घरून बोलावणं आलं नाही.

दीड वर्षाने एका कलीगच्या नवऱ्याने, तो लेबरच्या केसेस करतो, मला १९६१ चा मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट उघडून दाखवला. त्यात 'चाइल्ड'च्या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळ स्पष्ट धरलंय. मिसकॅरेज म्हणजे सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचं. म्हणजे मला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे २६ आठवडे पगारी रजा मिळायला हवी होती आणि मिळाले ६. वीस आठवडे गुणिले माझा पगार, १ लाख १२ हजार. पाटल्या सुटल्या असत्या त्यात.

मी हे घरी काढलं तर दादा म्हणाले, मेलेल्या लेकराचं भांडवल करू नकोस. आजही दिवाळीला जेवताना विषय निघाला की ते तेच म्हणतात. मला त्यांना हे सांगायचंय की दादा, पैशाचं नंतर, त्या फॉर्मवर मिसकॅरेज लिहून, मी तिला जन्मच दिला नाही असं तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत. दवाखान्याने मृत जन्माची नोंद केली होती, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात त्याचा वेगळा फॉर्म असतो. सरकारच्या कागदावर ती आहे. फक्त आपल्या घरात नाही.

जगात वर्षाला साधारण १९ लाख बाळं अशी जातात, अठ्ठावीस आठवड्यांनंतर, आणि सगळ्यात जास्त आपल्या देशात. तरी प्रत्येक घरात बाईला वाटतं माझ्याच बाबतीत झालं, मीच काहीतरी खाल्लं, मीच जिना चढले.

तर तू एक काम कर. तिच्या रजेच्या अर्जावर कोणता शब्द आहे ते बघ. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लावून अर्ज तूच टाइप करून दे, तिला आत्ता सुचणार नाही. हां, दहापेक्षा कमी माणसांची जागा असेल किंवा वर्षात ८० दिवस काम भरलं नसेल तर हे लागू नाही, आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर बहुतेक ईएसआयसीतून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून, मिळतं, तिथेही सव्विसाव्या आठवड्यानंतरचं मृत बाळ बाळंतपणच धरतात. आता त्या जुन्या ॲक्टच्या जागी नवीन सोशल सिक्युरिटी कोड आलाय, तेव्हा एकदा जाणकाराला विचारून घे. आणि तिला खरंच स्वतःहून यायचं असेल, घर खायला उठत असेल, तर येऊ दे, अडवू नकोस. फक्त घरून कोणी धाडलेलं नसावं.