एन्नाहदा पक्ष ‘इस्लामधार्जिणा’ की ‘इस्लामवादी’?

एका भाषांतरकाराचा प्रश्न आहे. ट्युनिशियाच्या एन्नाहदा पक्षाला त्याने ‘इस्लामधार्जिणा पक्ष’ म्हटलं, संपादकांनी खोडून ‘मुस्लिम पक्ष’ केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही नाहीत. ट्युनिशियात बहुतेक सगळेच मुसलमान, एन्नाहदाला हरवणारेही. तिथं ‘मुस्लिम पक्ष’ म्हणून काय कळणार?

‘धार्जिणा’ मात्र गमतीचा शब्द आहे. मुळात तो लाभण्याचा, मानवण्याचा. ‘ही म्हैस आम्हाला धार्जिणी नाही’ म्हणताना म्हशीला कुणी दोष देत नाही. त्या घराला ती लाभली नाही, इतकंच. राजकारणात शिरल्यावर त्याचा आरोप झाला. ‘भांडवलदारधार्जिणं सरकार’ म्हणजे मतं आमची आणि ओढा भलतीकडे. एन्नाहदाचा ओढा लपलेला कुठे होता? १९८१ मध्ये त्याचं नावच ‘इस्लामी कलाची चळवळ’ अशा अर्थाचं होतं. (आपल्याला ‘कल’ म्हटलं की मतमोजणीची सकाळ आठवते, ते सोडा.) १९८९ मध्ये नावातून इस्लाम गेला आणि ‘नहदा’, म्हणजे पुनरुत्थान, आलं.

‘इस्लामी’ कला असते, कालगणना असते. राज्यकारभाराला इस्लामचा आधार हवा, या राजकीय भूमिकेला ‘इस्लामवादी’ हाच शब्द नेमका. ‘मूलतत्त्ववादी’ नको, त्यात खटल्याआधीच निकाल लागतो.

‘इस्लामवादी’ या शब्दामागोमाग ‘लोकशाहीला धोका’ हे शेपूट आपोआप येतं, तिथं कर्ता तपासावा. अल्जीरियात इस्लामवादी जिंकत होते, पण जानेवारी १९९२ मध्ये निवडणुकीची दुसरी फेरी रद्द झाली ती लष्करामुळे. इजिप्तमध्ये निवडून आलेले इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये स्वतःचे हुकूम न्यायालयांच्या आवाक्याबाहेर नेले; तो धोका त्यांचाच. ट्युनिशियात २०२१ मध्ये संसद गोठवली ती अपक्ष म्हणून निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी.

आता मूळ प्रश्न. २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा जिंकणारा एन्नाहदा बेलाशक ‘इस्लामवादी’ लिहा. २०१६ मध्ये मात्र पक्षानं धर्मकार्य आणि राजकारण वेगळं केलं, आणि नेते घन्नूशी ‘मुस्लिम लोकशाहीवादी’ म्हणवून घेऊ लागले. (संपादकांना इथं अर्धा गुण.) विरोधकांना हा बदल वरवरचा वाटला. त्यानंतरच्या बातमीत मी ‘पूर्वाश्रमीचा इस्लामवादी’ लिहीन. शब्द संन्याशाचा आहे, पण चालून जातो.