मे महिन्यात घरातली झाडं पिवळी पडताहेत, पाणी वाढवू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावला पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे, गॅलरी पश्चिमेला, मार्चमध्ये नर्सरीतून मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली आणि एरिका पाम आणले, गावाकडून शेतातली काळी माती आणून कुंड्या भरल्या आणि ऊन वाढलं तसं सकाळ-संध्याकाळ पाणी घालताय, तरी मनी प्लांट पिवळा पडतोय, पीस लिली दुपारी मान टाकते आणि पामची टोकं जळाल्यासारखी झालीत. बऱ्याच जणांनी पाणी वाढवा, खत टाका असं सांगितलंय. माझं मत एकदम उलट आहे. आजपासून हे सकाळ-संध्याकाळचं पाणी थांबवा, आणि वरून खत तर जूनपर्यंत घालूच नका.

आधी मनी प्लांटची कुंडी आडवी धरा, चारी बाजूंनी थोपटा आणि झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. घाबरू नका, एवढ्याने झाड मरत नाही. आता मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट, फिकट असतं आणि चिमटीत धरलं तर टणक लागतं. सडलेलं मूळ तपकिरी-काळं दिसतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात येते आणि आत नुसता बारीक दोरा राहतो, शिवाय तुंबलेल्या मोरीचा वास येतो. असं दिसलं तर ती मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि झाड नव्या कोरड्या मिश्रणात लावा. फारच सडलं असेल तर मनी प्लांटची वेल गाठीच्या खाली कापून (जिथून पान फुटतं ती गाठ) काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवा, साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. म्हणजे झाड वाचलंच म्हणून समजा.

हे होतं कशामुळे तर मुळांना पाणी लागतं तशीच हवाही लागते, आणि मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरलेली राहिली की मूळ गुदमरतं आणि सडतं. आपली काळी माती कापसाला, केळीला सोन्यासारखी, कारण ती पाणी धरून ठेवते, पण तिथे तिला खोल जमीन मिळते. आठ इंची कुंडीत तीच माती खाली चिखल होऊन बसते आणि वरून मात्र कडक पापुद्रा धरते. त्यात वाळताना ती आक्रसते, कुंडीच्या कडेने फट पडते, मग तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं वा, निचरा चांगला आहे. मधला गोळा तसाच राहतो, कधी पार ओला तर कधी पार कोरडा. मला विचाराल तर घरातल्या कुंडीत काळी माती घालूच नये, घालायचीच असेल तर चौथ्या हिश्श्याच्या वर नको.

मिश्रण मी असं करते, अंदाजे निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव हिस्सा गांडूळखत आणि पाव हिस्सा जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट मिळते ती बादलीत भिजवा आणि दोनदा तरी धुऊन पिळून घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं. वाळू प्लास्टरची बारीक नको, ती उलट माती घट्ट करते, चाळून वर राहिलेली जाड घ्या. आणि कुंडीला भोक पाहिजेच. ती सुंदर चिनी मातीची बिनभोकाची कुंडी असते ना, तिच्यात थेट झाड लावू नका, प्लास्टिकची भोकवाली कुंडी आत ठेवा आणि खाली साठलेलं पाणी ओतून टाकत जा.

आता दुपारी मान टाकण्याचं. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि पान सुकलेलं दिसलं की आपला जीव कळवळतो, लगेच तांब्याभर पाणी ओततो. पण उन्हाच्या झळेने पानातून पाणी इतक्या पटकन उडतं की माती ओली असूनही मुळं पुरं पडत नाहीत. म्हणून पान सुकलं की आधी मातीत बोट घाला, दोन पेरं आत. ओलं लागलं तर पाणी नाही, झाड सावलीत सरकवा आणि संध्याकाळपर्यंत थांबा, नुसती उष्णता असेल तर ते आपोआप सावरतं. संध्याकाळीही ओल्या मातीत तसंच पडलेलं असेल तर मुळांत गडबड आहे. आणि बोट कोरडं निघालं तर मात्र तहान आहे, तेव्हा भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत पोटभर द्या. वरवर पेलाभर शिंपडणं कुणाच्याच कामाचं नाही.

त्यातून कूलर! कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते, तिथली माती बाहेरच्या मानाने खूप सावकाश वाळते. गॅलरीतल्या तुळशीला रोज पाणी लागतं म्हणून हॉलमधल्या स्नेक प्लांटलाही रोज लागेल असं नाही. स्नेक प्लांटला मेमध्येसुद्धा दहा-बारा दिवसांनी चालतं, हिवाळ्यात तर तीन आठवडे. वार ठरवून पाणी घालायचंच नाही, बोट आणि कुंडीचं वजन विचारायचं. पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघा, चार दिवसांनी परत उचला, हाताला लगेच फरक कळायला लागतो.

पामची टोकं जळतात त्यात कोरड्या हवेचा हात आहेच, पण मला जास्त संशय पाण्याचा. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात, बादलीला, नळाला पांढरा थर चढतो तोच कुंडीत साठत जातो. रात्रभर पाणी उघडं ठेवा असं सांगतात, त्याने क्लोरीन उडतं, क्षार तिथेच राहतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर झाडांना अजिबात देऊ नका, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यात आपण परत पाणी भरतो, म्हणजे ते दिवसेंदिवस खारट होत जातं. आरओचं वाया जाणारं पाणीही फरशी पुसायला ठेवा. एसीच्या नळीतून पडणारं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत नेऊन भरपूर पाणी आरपार जाऊ द्यायचं, साठलेले क्षार धुऊन निघतात, पण हे निचऱ्याच्या मिश्रणातच करा, चिकट काळ्या मातीत नको. जूनमध्ये पाऊस पडायला लागला की पाम, पीस लिली सगळ्यांना एक-दोन दिवस पावसात ठेवा. फक्त ढग फाटून कडक ऊन पडलं की लगेच आत. अजून एक, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून पाणी सकाळी लवकरच द्या.

जागा बदला. पश्चिमेची गॅलरी दुपारी तीननंतर भट्टी होते, तिथे कोरफड आणि जेड चालतील, तेही निम्मं ऊन अडवणारी (५० टक्क्यांची) हिरवी जाळी बांधून. बाकीची आत, खिडकीपासून तीन-चार फुटांवर, पुस्तक दिवा न लावता वाचता येईल एवढा उजेड पाहिजे. स्नेक प्लांट अंधारात तग धरतो म्हणून लोक त्याला संडासाच्या कोपऱ्यात ठेवतात, तो जगतो पण वाढत नाही. आणि कूलरचा झोत थेट पानांवर नको.

कीड अजून लागली नसेल तर उत्तमच, तरी पानाच्या बेचक्यात रोज नजर टाका. कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांना नवीन नाही, आपण मिलीबग म्हणतो तोच. ओल्या फडक्याने पुसून काढा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि दोन थेंब शाम्पू घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. एरिका पामला अशा कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी लागतो, पानाच्या खाली बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसतात, त्याला बाथरूममध्ये नेऊन पानं खालून पाण्याने धुतली की निम्मा त्रास जातो.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली उंचावर ठेवा. दोघंही अळूच्या कुळातली, पान चावलं तर तोंडाला तशीच खाज सुटते.

पीस लिली आणि पामची माती आत्ता लगेच बदलू नका, मुळं शाबूत असतील तर एवढ्या उन्हात त्यांना हलवणं जड जातं, फक्त पाणी कमी करा आणि पाऊस लागला की नव्या मिश्रणात घ्या. मनी प्लांटचं मात्र आजच बघा, आणि मुळांचा फोटो इथे टाका, कितपत सडलंय ते बघून कुठून कापायचं ते सांगते.